बडोद्यात चार दिवस, सतरा बाहुल्या आणि एक घड्याळ

दिवस पहिला, गुरुवार

सकाळची शताब्दी बोरिवलीहून पकडली. सोबत एक मोठी बॅग, तीही जवळपास रिकामीच, आत बबल रॅपची गुंडाळी, टिश्यू पेपरची पाच पाकिटं, दोन छोटे टॉर्च आणि एक मऊ ब्रश, माझे कपडे वेगळ्या पिशवीत. शेजारच्या काकूंनी विचारलं बडोद्याला लग्न आहे का, म्हटलं नाही हो, चिनी मातीच्या बाहुल्या आणायला चाललेय. त्यांना वाटलं माझं गिफ्टचं दुकान असणार. मग वापीपासून सुरतपर्यंत मी त्यांना सगळं सांगत बसले, त्यांनीही मनापासून ऐकलं, भरूचला नर्मदा आली तेव्हा दोघींनी हात जोडले आणि परत बाहुल्यांवर आलो.

तर तेच इथेही सांगते. मी थीम पार्कातल्या राइड्सवरून केलेल्या पोर्सिलेनच्या बाहुल्या जमवते. सुरुवात 2014 मध्ये झाली, आम्ही हाँगकाँगला गेलो होतो, लेक तेव्हा सहा वर्षांची. तिथल्या डिस्नेलँडमध्ये 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही राइड आहे, होडीत बसायचं आणि संथ पाण्यावरून, जगभरच्या पोशाखातल्या शेकडो बाहुल्या गात असतात त्यांच्यामधून जायचं, बस एवढंच. बाहेर आल्यावर लेक रडायलाच लागली, परत जायचं म्हणून, आणि आमची बस सुटायची वेळ झालेली. मग दुकानातून एक चिनी मातीची बाहुली घेतली आणि तिच्या हातात दिली. ती रात्री उशीजवळ ठेवून झोपली पोर. आता कॉलेजला आहे आणि तिला त्यात काही इंटरेस्ट उरला नाही, पण मला लागला तो लागलाच.

सिनेमातल्या पात्रांचे शोपीस जमवणारे खूप आहेत, मला ते नकोत. मला राइडच हवी. कारण राइड हातात धरता येत नाही, आपण तिच्या पोटात बसतो, चार मिनिटं, दहा मिनिटं, अंधार, उजेड, पाणी, आणि दार उघडलं की संपलं. त्यातला एक क्षण कुणीतरी मातीत धरून भट्टीतून काढलाय हे मला फार मोठं वाटतं.

हे सगळं मी आजवर घरबसल्या मागवत होते. पण गेल्या वर्षी हाँटेड मॅन्शन या भुताळी वाड्याच्या राइडमधली तीन भुतं मागवली, रस्त्यात उभं राहून लिफ्ट मागतात ती, आणि कुरियरने आलेला खोका उघडला तर मधल्या भुताचा अंगठाच नाही. लिफ्ट मागणाऱ्या भुताचा अंगठा! खोक्यात बारीक चुरा सापडला, जोडण्यासारखं काहीच नव्हतं. तक्रार केली, फोटो पाठवले, उत्तर आलं की पॅकिंग पाठवणाऱ्याचं आहे, पाठवणारा म्हणाला हाताळणी त्यांची आहे. त्या दिवशी ठरवलं की आता चांगला पीस स्वतः जाऊन हाताने आणायचा.

आणि मार्चमध्ये आत्याचा फोन आला. आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता बेचाळीस वर्षं झाली, दांडिया बाजारच्या आत एका पोळीत, म्हणजे जुन्या घरांच्या गल्लीत राहते, तिच्या समोरच्या वाड्यात एक काका आहेत, जहाजावर इंजिनियर होते. त्यांच्याकडे 'तुझ्यासारखंच कपाट' आहे, वाडा बिल्डरला गेलाय, काका फ्लॅटमध्ये जातायत, मुलगी कॅनडात, तिला हे काही नकोय आणि काका दलालाला द्यायला तयार नाहीत. म्हणाले, कुणी नीट ठेवणारं माणूस असेल तर बघा.

साडेदहा-अकराला पोचले. आत्या ओटल्यावर उभीच होती. बडोद्याच्या मराठी घरात गेलं की मला पहिले पाच मिनिटं कान जुळवून घ्यावा लागतो, आत्या आता जिन्याला दादर म्हणते, झोपाळ्याला हिंचका म्हणते आणि वाक्याच्या शेवटी 'हवे बस' लावते, पण वरण-भाताला लागलेला हात अजून आपल्या नाशिकचाच आहे. जेवले, हिंचक्यावर बसले आणि संध्याकाळी पाचला समोर गेलो.

काका ऐंशीच्या पुढचे, ताठ, पांढरा लेंगा, हाताची बोटं अजिबात न थरथरणारी. मला म्हणाले, "ये बेटा, आधी चहा की आधी कपाट?" मी कपाट म्हणाले, त्यांना ते आवडलं असावं.

सागवानी कपाट, तीन काचेचे कप्पे. वरच्या कप्प्यात स्मॉल वर्ल्डची सहा मुलं, प्रत्येक वेगळ्या देशाचं, डच टोपीवाली, मेक्सिकोचा रुंद टोपवाला, किमोनोवाली, आणि त्यांच्यासमोर एक होडी, होडीत तिघं बसलेली. मधल्या कप्प्यात कपबशीच्या राइडचे दोन कप, तीन भुतांचा मिळून एक पीस (सगळे अंगठे जागेवर), टिकी रूमचा पोपट, मॅटरहॉर्न या बर्फाळ डोंगराच्या राइडची बॉबस्लेड म्हणजे घसरगाडी, जंगल क्रूझची होडी, आगगाडीचं इंजिन. खाली मेरी-गो-राउंडचे तीन घोडे. हे झाले सतरा. आणि सगळ्यांच्या मधोमध, स्वतंत्र लाकडी पाटावर, स्मॉल वर्ल्डच्या इमारतीचा दर्शनी भाग, पांढरा आणि सोनेरी, हसऱ्या तोंडाचं घड्याळ असलेला. अठरावा.

मी पहिल्या दिवशी काहीच हातात घेतलं नाही. नुसतं बघितलं, तासभर. लाइट गेली तेव्हा काकांनी मेणबत्ती लावली आणि त्या उजेडात तो पोपट असा काही दिसला की आत्यासुद्धा गप्प झाली.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी आत्याच्या मुलाबरोबर शुक्रवारी बाजारात फिरून आले, जुन्या सामानाचा ढीग, चिनी मातीच्या बरण्या भरपूर, बिजागऱ्या, पंखे, रेडिओ. माझ्या कामाचं काही नाही. एक मोठी लोणच्याची बरणी मात्र मोह पडेल अशी होती, वरचं तपकिरी ग्लेझ (काचेसारखा लेप) अगदी काकवीसारखं उतरलेलं. सोडून दिली. येताना लीलो चेवडो आणि भाखरवडी घेतली.

अकरा वाजता काकांकडे. आता खरं काम.

आधी वही. काकांनी प्रत्येक पीस कुठून, कधी घेतला हे लिहून ठेवलंय, निळ्या शाईत. त्यांचं जहाज अमेरिकेत लाँग बीचला लागायचं, तेव्हा माल उतरवायला चांगले चार-पाच दिवस लागत, आणि लाँग बीचपासून अ‍ॅनाहाइम हे मूळ डिस्नेलँडचं गाव बसने जाऊन रात्री परत यायच्या अंतरावर. बाकीचे खलाशी बाजारात जायचे, काका डिस्नेलँडला. योकोहामाला लागलं की टोकियोच्या डिस्नेलँडला, ते 1983 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. "एकटा जायचो," म्हणाले, "होडीत शेजारी कुणीतरी अनोळखी पोरं असायची, ती ओरडायची, मला घरची आठवण यायची." त्यांची मुलगी तेव्हा बडोद्यात शाळेत, बाप वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. प्रत्येक सुट्टीत तिच्यासाठी एक पीस. एवढं सांगून ते थांबले आणि मी पुढे काही विचारलं नाही.

मग एकेक पीस. माझी सवय अशी आहे की आधी गालाला लावायचा. हात कामाने गरम असतात, गाल खोटं बोलत नाही, खरं पोर्सिलेन गालाला माठातल्या पाण्यासारखं गार लागतं आणि बराच वेळ गार राहतं. मग उलटा करून तळ बघायचा. मग नखाने हलकी टिचकी, कानाजवळ धरून, टण्ण असा बारीक आवाज येऊन थोडा रेंगाळतो, पण आत चीर असेल तर तो आवाज लगेच मरतो. मग पातळ भागामागे टॉर्च.

किमोनोवालीची बाही टॉर्चसमोर धरली तर दुधात केशर पडावं तसा उजेड आला. बाहीची कड एवढी पातळ की कामगाराचं बोट कुठे दाबलं गेलं होतं तिथे उजेड जरा जास्त. हे मी काकांना दाखवलं, त्यांनी चष्मा काढून बघितलं. "इतकी वर्षं माझ्याकडे आहे," म्हणाले, "आणि मी तिच्यामागे कधी दिवा धरला नाही."

आणि मग कळलं की काकांना माती माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांचे वडील सौराष्ट्रात, थानगढला पॉटरीत साच्याच्या खात्यात होते. त्या भागातला हा धंदा उभा करणारे परशुराम गणपुले मराठी होते, हे मला माहीत होतं, पण त्या कारखान्यांत आत काय चालायचं ते पहिल्यांदाच एवढ्या जवळून ऐकलं. काका लहानपणी साच्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करायचे. पातळ माती, स्लिप, प्लास्टरच्या साच्यात ओततात, प्लास्टर पाणी पितं, कडेने मातीचा थर धरतो, मग आतली जास्तीची स्लिप ओतून काढायची, म्हणून पीस आतून पोकळ. खाली भोक ठेवावंच लागतं, नाहीतर भट्टीत आतली हवा तापून पीस फुटतो. आणि भट्टीत गेल्यावर माती आकसते, सात इंचाची बाहुली हवी तर आठ इंचाच्या वरची घडवावी लागते. नाक, बोटं, होडीचं टोक, सगळं त्या हिशोबाने मोठं. वडील म्हणायचे की साचेवाल्याला वस्तू जशी आहे तशी दिसून चालत नाही, जशी होणार आहे तशी दिसली पाहिजे.

बाकीचं मी सांगितलं, म्हणजे हे पांढरं सोनं युरोपात कसं आलं ते. चिनी लोकांना हजारेक वर्षं येत होतं, युरोपला जमेना. शेवटी जर्मनीतल्या सॅक्सनीच्या सत्ताधीशाने सोनं करून दाखवतो म्हणणाऱ्या बोटगर नावाच्या किमयागाराला कोंडून ठेवलं, त्याच्याकडून सोनं काही झालं नाही पण पोर्सिलेन झालं, आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. लागतं काय, तर केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजं आणि 1300 अंशांच्या वरची आच. त्या आचेत फार थोडे रंग टिकतात, कोबाल्टचा निळा टिकतो, म्हणून गुलाबी गाल, लाल ओठ, सोनेरी कडा हे सगळं ग्लेझवरून लावून परत कमी आचेवर भाजतात. म्हणजे त्या मेक्सिकोवाल्या पोराच्या टोपाची सोनेरी कड भट्टीत सगळ्यात शेवटी गेलेली. म्हणून ती सगळ्यात आधी पुसली जाते. म्हणून घासायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस. हे जमवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं असं मला वाटतं, मी लोकांच्या घरी सोनेरी कडा भांड्याच्या स्पंजने घासलेल्या पाहिल्यात आणि खरंच पोटात तुटतं.

कपबशीच्या राइडचे कप हातात घेतले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. ही राइड डिस्नेलँड उघडलं तेव्हापासूनची, 1955. मोठाले अठरा कप, त्यात बसायचं, मधलं चाक फिरवलं की कप स्वतःभोवती गरगर. मला हा पीस सगळ्यात सुंदर वाटतो तो यासाठी की मूळ वस्तू चिनी मातीचा कप, त्यावरून माणसं बसतील एवढी राइड केली आणि त्या राइडवरून परत चिनी मातीचा कप. फिरून मातीत. काकांच्या दोनपैकी एका कपाच्या आत, तळाशी, माणूस बसायच्या बाकाची रेघसुद्धा रंगवलेली आहे, वरून बघितल्याशिवाय दिसत नाही. ज्याने ती रंगवली त्याला माहीत होतं की शंभरातले नव्वद लोक आत डोकावणार नाहीत.

सहा मुलांपैकी दोघांच्या तळाला नव्वदच्या दशकातल्या शोपीसच्या एका मोठ्या मालिकेचा शिक्का आहे. 1992 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत दरवर्षी एक वेगळं बारीक चिन्ह तळाला असायचं, त्यावरून पीस कुठल्या वर्षी बनला हे ओळखता येतं. काकांना हे माहीत नव्हतं, त्यांनी लगेच वहीत टिपलं.

संध्याकाळी शेवटी घड्याळ राहिलं. काका म्हणाले, "हे सगळ्यात शेवटी, हे हिने आणलं होतं." काकू आठ वर्षांपूर्वी गेल्या. त्या आधी मुलीबरोबर अमेरिकेला जाऊन आल्या होत्या, काका तेव्हा आजारी म्हणून घरी, आणि त्यांनी स्वतःच्या पैशाने काकांसाठी हे आणलं. खऱ्या इमारतीवरच्या घड्याळात दर पंधरा मिनिटांनी दारं उघडून बाहुल्यांची मिरवणूक निघते. हा पीस तेवढा नाजूक करायचा प्रयत्न केलेला, कमानी, बुरूज, दारं.

मी दोन्ही हातांनी उचलला आणि उचलता क्षणी कळलं. वजन. नको तेवढं आणि नको तिथे. गालाला लावला, कोमट. तळाला हिरवं फेल्ट चिकटवलेलं. टिचकी मारायची गरजच नव्हती तरी मारली, ठक्क.

रेझिन. म्हणजे साच्यात ओतलेलं प्लास्टिकच.

काका विचारत होते, "कसं आहे?" आणि मी म्हणाले, "फार सुंदर आहे." खोटं नव्हतं ते, सुंदर आहेच. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

रात्री आत्याला हिंचक्यावर सांगितलं. आत्या म्हणाली, अगं त्याला काय, म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगतेस. मला ते पटत नव्हतं. एवढं सगळं हात लावून शिकवलेला माणूस, दिवसभर मला मातीचं खरं-खोटं सांगत होता, त्याच्याशी मी असं वागायचं? दोन वाजेपर्यंत झोप नाही.

दिवस तिसरा, शनिवार

नऊ वाजता गेले आणि सांगून टाकलं. प्रस्तावना न करता. "काका, घड्याळ पोर्सिलेन नाहीये, रेझिन आहे."

ते काही बोलले नाहीत. आत गेले. मला वाटलं दुखावले. बाहेर आले ते हातात ब्लेड घेऊन. घड्याळ आडवं करून मांडीवर टॉवेलवर ठेवलं आणि फेल्टचा एक कोपरा इतक्या हळू उचलला की एक धागा निघाला नाही. खाली भरीव, पिवळट, एक बुडबुड्याचा खड्डा, भोक नाही. त्यांनी त्या खड्ड्यात नख घालून बघितलं.

"वजनावरून मनात आलं होतं एकदा," म्हणाले, "पण फेल्ट उचलायला हात झाला नाही. हिने लावलेलं असेल असं वाटायचं, जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. ती लावायची असं सगळ्याला, खुर्च्यांच्या पायांनासुद्धा."

मग फेविकॉलचा एक थेंब, कोपरा परत खाली, वर अंगठा धरून पाच मिनिटं बसले. आणि अंगठा तसाच ठेवून मला म्हणाले, "बाकीचे काढ. सगळे. आज एकही न तपासता ठेवायचा नाही."

ते पुढचे तीन तास मी विसरणार नाही. आदल्या दिवशी मी तपासत होते आणि ते बघत होते, आता उलट. वहीत नवीन रकाना आखला. टिचकी, कान, टॉर्च, तळ. थानगढच्या साचेवाल्याचा मुलगा इतक्या वर्षांनी परत कामावर बसला होता. जंगल क्रूझच्या होडीच्या तळाला साच्याच्या दोन भागांची जोडरेघ नीट पुसलेली नाही हे त्यांनीच पकडलं, मी चुकले होते. घोड्यांचे दांडे धातूचे आहेत, ते त्यांनी वेगळे लिहिले.

माझ्याकडचा दुसरा टॉर्च यूव्हीचा. खिडक्या बंद केल्या, पांघरुणं लावली, आणि एकेक पीस त्या जांभळ्या उजेडात धरला. जुनी दुरुस्ती असेल तर गोंद किंवा वरून मारलेला रंग वेगळाच चमकतो, साध्या डोळ्याला कितीही बेमालूम दिसला तरी. सोळा पीस शांत. पोपटाची चोच मात्र चमकली. बारीक पिवळसर रेघ, आरपार.

काका एकदम हसले. "1994, गणपतीचे दिवस. बेबीने पाडला. रडून रडून घर डोक्यावर. रात्रीत जोडला मी, सकाळी तिला सांगितलं की बघ, तुटलाच नव्हता." बेबी म्हणजे त्यांची मुलगी. त्यांनी अ‍ॅराल्डाइटने जोडला होता, रंग जहाजाच्या ड्रॉइंगच्या शाईतून मिसळलेला. तीस वर्षं कुणाला दिसलं नाही. टिकी रूम म्हणजे 1963 ची राइड, यंत्राने बोलणारे, माना हलवणारे पक्षी, त्या प्रकारच्या यंत्रांची पहिली राइड तीच. ते पक्षी बोलायचे ते चोच उघडून, त्यामुळे पीसचीही चोच उघडी, म्हणून नाजूक, म्हणून तुटली. लोक म्हणतात दुरुस्त पीसची किंमत पडते. पडत असेल. माझ्या यादीत तो पहिला लागला.

दुपारी जेवण आत्याकडे, आणि चारला काकाच म्हणाले चल तुला एक दाखवतो. रिक्षाने लक्ष्मी विलासच्या आवारातलं महाराजा फतेसिंह म्युझियम. रविवर्म्याची चित्रं बघायला सगळे जातात, आम्हीही बघितली, बाकी दालनंही भराभर, पण काकांना मला दाखवायचं होतं ते दारातच. छोटं आगगाडीचं इंजिन. म्युझियमची ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा, आणि मुलांना राजवाड्यातून शाळेत न्यायला आवारात छोटी रेल्वे टाकली होती, शाळा हे मुख्य स्टेशन.

मी त्या इंजिनसमोर उभी राहिले आणि मला कपाटातलं इंजिन आठवलं. कारण वॉल्ट डिस्ने या माणसाचं पण असंच. त्याने 1950 मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःच्या घराच्या परसात छोटी वाफेची रेल्वे टाकली, खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, जवळपास अर्ध्या मैलाचे रूळ, स्वतः इंजिनावर बसून पाहुण्यांना फिरवायचा. आणि पाच वर्षांनी डिस्नेलँड उघडलं ते सगळ्या पार्कला वळसा घालणारी आगगाडी घेऊनच. मी हे सांगितलं तर काका म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे आधी." आणि ते त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की रिक्षावाल्यालाही परत सांगितलं, गुजरातीत.

मलाही अभिमान वाटला. आपण थीम पार्क म्हणजे परदेशातली गोष्ट धरून चालतो, पण पोरांना छोट्या गाडीत बसवून झाडांमधून फिरवायची हौस बडोद्यातही होती, आणि तीही रोज शाळेला जाण्यासाठी. या गाडीचा चिनी मातीचा पीस कुणी केलेला मला माहीत नाही. करायला हवा. या गावात फाइन आर्ट्सची एवढी मोठी फॅकल्टी, ज्योत्स्ना भट्ट यांनी इथेच आयुष्यभर मातीत मांजरं, घुबडं, बेडूक जिवंत केले, इथल्या एखाद्या मुलीने ही गाडी केली तर मी पहिली गिऱ्हाईक.

दिवस चौथा, रविवार

सकाळी सेव उसळ, तिखट, वरून तरी, दोन वेळा. मग पॅकिंग.

पॅकिंगला चार तास लागले आणि ते लागतातच. बबल रॅप थेट पीसला लावायचा नाही, त्याचे फुगे सोनेरी रंगावर ठसे सोडतात, आधी टिश्यू. वर्तमानपत्र तर बिलकुल नाही, शाई लागते. जिथे पोकळी आहे तिथे, म्हणजे हात आणि अंगाच्या मध्ये, चोचीखाली, घोड्याच्या पायांमध्ये, टिश्यूच्या छोट्या वळकट्या करून भरायच्या, म्हणजे धक्का बसला तरी नाजूक भाग एकटा पडत नाही. मग आत्याच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन, मग बबल रॅप, मग एकेकाचा छोटा खोका, आणि ते सगळे खोके मोठ्या खोक्यात, मध्ये दोन बोटं जागा ठेवून ती परत कापडाने भरलेली. हलवून बघायचं, आवाज येता कामा नये. माझं ते लिफ्ट मागणारं भूत पाठवणाऱ्याने फक्त एवढं केलं असतं तर बरं झालं असतं.

काकांनी घोडे स्वतः बांधले, मला हात लावू दिला नाही. पैशाचं आधीच ठरलं होतं, वहीतल्या रुपयांची बेरीज, वर एक रुपया नाही. मी जास्त देत होते तर म्हणाले, "मी धंदा केला नाही, आता कशाला करू." वही पण दिली. तिच्या शेवटच्या पानावर सतरा नावं, समोर 'पो.', आणि अठराव्यासमोर 'रे.', त्याच निळ्या शाईत. ते पान मात्र फाडून त्यांनी ठेवून घेतलं, मला झेरॉक्स.

घड्याळ ते ठेवणार हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जागा मोजून ठेवलीय त्यांनी, टीव्हीच्या वर नाही, खिडकीजवळ. रेझिनला ऊन फार लागू देऊ नका, रंग पिवळा पडतो, एवढं सांगितलं. म्हणाले, पडदा लावीन.

निघताना आत्याने दुलीरामचे पेढे दिले, काकांनी काही दिलं नाही, फक्त पोळीच्या तोंडापर्यंत खोक्याच्या एका बाजूला हात लावून आले, मोठा खोका आत्याचा मुलगा आणि ते मिळून. रिक्षात ठेवताना म्हणाले, "गाडीत खाली ठेवू नकोस. रुळांचा धक्का खालून येतो." जहाजावर इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचं हे वाक्य, मी बोरिवलीपर्यंत खोका मांडीवर घेऊन बसले, पाय बधिर झाले तरी. समोरच्या बाकावर एक लहान मुलगा होता, त्याने सुरतला विचारलं यात काय आहे, मी म्हटलं होडी आहे, पोपट आहे, तीन भुतं आहेत. तो खोक्याकडे बोरिवलीपर्यंत बघत बसला असता, पण त्याला वापीला उतरायचं होतं.

घरी पोचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. नवरा म्हणाला उद्या उघड, पण मला जमलं नसतं. जेवणाच्या टेबलावर रजई पसरली आणि एकेक काढायला लागले. लेक अभ्यास सोडून उठून आली आणि न सांगता टिश्यू उलगडायला बसली, होडी तिच्याच हाताला आली. तिने ती गालाला लावली. मी तिला कधी शिकवलं नाहीये ते.

साडेअकराला काकांचा फोन. झोपले नव्हते.

"होडी?"

"आली. तिघंही आहेत."

"डच पोरीची टोपी? बाही? कप?" एकेक विचारत गेले, वहीच्या क्रमाने, पान समोर घेऊन बसले असणार. मी एकेक बघून सांगत गेले. भुतांचे अंगठे मोजले, तीन. घोडे, इंजिन, बॉबस्लेड.

"पोपट?"

लेकीने तो अजून उलगडला नव्हता. तिने वळकटी काढली, साडीचा तुकडा बाजूला केला, दिव्याखाली धरला.

"काका, चोच आहे."

"बेबीला सांगतो उद्या," म्हणाले, आणि फोन ठेवला.